माथुरजींच्या बुंदीत ळ नव्हता

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार न्यायला दिवाळीच्या आधी कबाडीवाला येतो. किस्से मात्र कोणी नेत नाही. मग कोणी चहाला टेकलं की त्याच्या गळ्यात मारावे लागतात. आज तुम्ही सापडलात!

आमचं दुकान जयपूरला, राजा पार्क नावाच्या बाजारपेठेत. म्हणजे दुकान मोहनलाल माथुर यांचं, मी तिथे नोकरीला. पण इतकी वर्षं झाली, की मी 'आमचं' म्हटलं तर आता माथुरजीही हरकत घेत नाहीत. आम्ही बनवतो लाल ठिपक्यांचे बोर्ड. केमिस्टच्या दुकानावर, लग्नाच्या हॉलबाहेर, दातांच्या डॉक्टरकडे असतात ते. अक्षरं उजवीकडून येतात, डावीकडे निघून जातात आणि पुन्हा उजवीकडून हजर होतात.

ही अक्षरं कधी जवळून बघितलीत? उंचीला फक्त सोळा ठिपके. त्यातले वरचे मात्रांना आणि वेलांट्यांना, मग एक अख्खी ओळ शिरोरेषेची, तळाचे दोन-तीन उकारांना. मधे जी जागा उरेल तिथे अक्षराने अंग चोरून बसायचं. गोलाई हा प्रकारच नाही. 'ट'चं पोटसुद्धा जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसं खाली येतं. पण चार पावलं मागे जा, पायऱ्या दिसेनाशा होतात आणि छान गोल 'ट' समोर असतो. माथुरजींनी तरुणपणी ही सगळी अक्षरं ग्राफ पेपरवर पेन्सिलीने चौकोन भरत काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक एक हलवाई होता. तो बोर्ड बघून म्हणाला, "अरे वाह, ये तो बूंदी के अक्षर हैं!" तेव्हापासून आमच्या अक्षरांचं नाव बुंदी.

हसण्यासारखे किस्से खूप आहेत. पण अलीकडे कुठूनही सुरुवात केली तरी मी माझ्या आईपाशी येतो. आईचं वाचन गेलं. ते परत मिळतं की नाही, या एका गोष्टीत गेलं वर्षभर आमचं सगळं दुकान अडकलं होतं. तिकडे येतोच. आधी कचौरी.

*

पहिलं गिऱ्हाईक तो हलवाई. त्याचा बोर्ड वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगायचा, 'गरमागरम प्याज की कचौरी'. जयपूरला एवढं वाक्य दिसलं की माणूस स्कूटर थांबवतो.

एकदा बोर्डात पाणी गेलं आणि वरच्या ओळी बंद पडल्या. फक्त वरच्या. खालचं सगळं ठणठणीत. आता देवनागरीत वरच्या ओळी गेल्या म्हणजे काय जातं बघा. मात्रा जातात. वेलांटीचं वरचं वळण जातं आणि मागे नुसता काना उरतो. सकाळी सेठजी दुकान उघडून गल्ल्यावर बसले. बोर्ड नेहमीसारखा पळत होता.

'गरमागरम प्याज का कचारा'!

दुपारी सेठजी आमच्या दुकानात लालबुंद होऊन आले. "माथुरजी, सुबह से लोग कचौरी नहीं ले रहे, फोटो ले रहे हैं! सब पढ़ रहे हैं प्याज का कचरा!"

माथुरजींनी चष्मा कपाळावर चढवला. "सेठजी, आज कचौरी चखी थी?"

"नहीं तो. क्यों?"

"चख लो. मेरा बोर्ड बिना देखे कुछ नहीं बोलता!"

सेठजी महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. कचौरी मात्र पाठवत राहिले, बहुधा चव दाखवायला.

*

आता माझी आई. वडील विमा कंपनीत होते. बदलीवर साताऱ्याहून जयपूरला आले आणि मानसरोवर कॉलनीत घर घेऊन इथेच राहिले. वडील गेले, पण आईने काही जयपूर सोडलं नाही. मात्र तिने जयपूरला स्वतःत फारसं शिरूही दिलं नाही. ती रिक्षावाल्याला आजही 'टिळक नगर' सांगते. रिक्षावाला म्हणतो, "तिलक नगर?" आई म्हणते, "टिळक!" तो म्हणतो, "माताजी, वो किधर पड़ता है?" यात सिग्नल दोनदा हिरवा होऊन जातो.

दर रविवारी मराठी मंडळाच्या मुलांना ती मराठी शिकवायची. बँकेतल्यांची, विम्यातल्यांची, रेल्वेतल्यांची मुलं. सगळी हिंदी शाळेत जाणारी. त्यांना 'ळ' काही केल्या जमायचा नाही. आई म्हणायची, "जीभ मागे वळव. अजून मागे. अजून!" एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, मतलब आता ती पोटात जाईल ना!"

अशा बाईच्या मंडळाने गणपतीला आमच्याकडून बोर्ड नेला. मजकूर मीच लिहून दिला. मी लिहिला बरोबर. पण माथुरजींच्या बुंदीत 'ळ' नव्हता. हिंदी बोर्डांना तो लागतो कुठे? जिथे 'ळ' आला तिथे त्यांनी बिनदिक्कत 'ल' घातला. आरतीच्या वेळी हॉलच्या दारावर बोर्ड पळायला लागला, 'मराठी मंडल आपले स्वागत करीत आहे. अध्यक्ष श्री. काले. खजिनदार श्री. बाल. महाप्रसादात पुरणपोली.'

आमचे खजिनदार बाळकाका यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. शेजारच्या कॉलनीतले हिंदी पाहुणे एकदा बोर्ड वाचायचे, एकदा काकांचं डोकं बघायचे आणि प्रसाद तोंडात कोंबून हसू दाबायचे.

दुसऱ्या दिवशी आई थेट दुकानात. "माथुरजी, हमारा ळ कहाँ है?"

"बहनजी, ल है ना. काम चला लीजिए. जयपुर में किसको पता चलेगा?"

"अच्छा? आपका नाम मैं मातुर लिखूँ तो चलेगा? थ के बदले त से काम चला लूँ?"

माथुरजी चिडले. आपल्या अक्षरांना कोणी नावं ठेवलेली त्यांना अजिबात खपत नाहीत. "बहनजी, सोलह दानों में आपका ये जलेबी जैसा अक्षर नहीं बैठता. बैठता तो बना देता."

"बैठता है," आई म्हणाली. "बिठानेवाला चाहिए!"

त्यानंतर दोघं एकमेकांचा विषय निघाला की माझ्याकडे बघून बोलायची. ती म्हणायची 'तुझे ते मालक', ते म्हणायचे 'आपकी वो माताजी'. मी दोन्हीकडे मान डोलवायचो.

*

मग मोठ्या रंगीत स्क्रीन आल्या आणि आमचे बोर्ड जुने झाले. लोक उतरवलेले बोर्ड परत आणून टाकायला लागले. आमचे सलीमभाई, जे सगळं सोल्डरिंग करतात, ते त्यातले चालू दिवे काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "आँखें दान में ले रहा हूँ." दुकानात दिवसभर पंख्याचा आवाज. खरं सांगतो, त्या दिवसांत मला दुकानात जाताना उदास वाटायचं. एके काळी राजा पार्कातून संध्याकाळी चालत गेलं की प्रत्येक दुसऱ्या दुकानावर आमची अक्षरं पळायची. मला वाटायचं, ही सगळी आपल्या ओळखीची माणसं आहेत.

अशात माथुरजींची पुतणी इशिता डिझाइन शिकून परत आली. दुकानात शिरली आणि भिंतीवरचा बंद पडत आलेला बोर्ड बघून किंचाळली, "चाचू! ये तो पिक्सेल है! रेट्रो!"

माथुरजींना वाटलं, शॉक लागला.

तिने समजावलं. जगात आता म्हणे ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या अक्षरांना मागणी आहे. गेममध्ये, टी-शर्टवर, लग्नाच्या कार्डावर. तिने माथुरजींचे ग्राफ पेपर काढले, सगळी बुंदी कॉम्प्युटरवर चढवली आणि खरोखरच तिचा फॉन्ट केला. सी-स्कीम या उच्चभ्रू वस्तीतल्या एका कॅफेने लगेच बोर्ड मागवला. ऑर्डर द्यायला आलेला मुलगा तंग पँटीतला, अतिशय नम्र. म्हणाला, "अंकल, एक रिक्वेस्ट है. दो-चार दाने बंद रखिएगा. ओरिजिनल लगेगा."

माथुरजी त्याच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर बंद दाण्यांपायी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"बेटा," ते शेवटी म्हणाले, "तू बीस साल पहले कहाँ था?"

*

आता जो सांगतो तो किस्सा तसा हसण्याचा नाही.

आईला मी घरात साधी चिठ्ठी लिहिली तरी ती आधी लाल पेनाने तपासायची आणि मग वाचायची. मोबाइल आल्यावर तर माझी सुटकाच नव्हती. मी मेसेज करायचो, 'उशीर होइल'. तिचं उत्तर यायचं, 'होईल. ई दीर्घ.' उशीर का होणार हे कधीच विचारलं नाही!

गेल्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाची पत्रिका छापून आली. छापखाना हिंदी. पत्रिकेत चुका म्हणजे नुसता पाऊस. 'हल्दिकूंकु', 'अगत्याने'चं 'अगत्यने', आणि खाली 'विनित'. मी मुद्दाम ती पत्रिका आईपुढे ठेवली. म्हटलं, आता होऊ दे स्फोट.

आईने पत्रिका हातात घेतली. वरून खाली नजर फिरवली. मग घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "छान झालीय."

छान!

मी चपला घातल्या आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. वाटेत तिने एकदाच विचारलं, "बऱ्याच चुका होत्या का रे?"

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, पण समोर जिथे रोखून बघाल तिथे धुकं. औषधाने आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. आईने कित्येक महिने कोणाला कळू दिलं नव्हतं. पेपर हातात धरून बसायची आणि बातम्या रेडिओवरच्या सांगायची. रविवारच्या वर्गात मुलांकडूनच वाचून घ्यायची.

घरी आल्यावर ती म्हणाली, "चालता येतंय, स्वयंपाक येतोय, सगळं येतंय. पण वाचायचं नाही म्हणजे मी करायचं काय दिवसभर?" मी वाचून दाखवायचो, पण माझं वाचन ऐकताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मीच थांबायचो.

*

एक दिवस तिला डॉक्टरकडून परत नेताना रिक्षा राजा पार्कात आमच्या दुकानासमोर अडकली. दुकानावर आमचा स्वतःचा बोर्ड, आमच्याकडे शिल्लक राहिलेला सगळ्यात मोठा, पळत होता. आई मान वळवून भलतीकडेच बघत बसली होती, उसाच्या रसाच्या गाड्याकडे.

आणि एकदम म्हणाली, "हर तरह के बोर्ड बनते और सुधरते हैं."

मी म्हटलं, "काय?"

"तुमच्या दुकानावर लिहिलंय ना?" ती अजून रसवाल्याकडेच बघत होती. "मधलं धुकं आहे, पण कडेने काहीतरी लाल लाल जातंय."

मी रिक्षातून उडी मारली, रस्ता ओलांडला आणि दुकानात जाऊन माथुरजींना मिठीच मारली. माथुरजींनी आधी मला सोडवलं, मग सगळं ऐकलं. क्षणभर त्यांचाही चेहरा उजळला. मग ते हळूच म्हणाले, "भैया, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. ये लाइन तो बीस साल से वही है. माताजी ने याद से बोल दी होगी."

तेही खरंच होतं. सलीमभाईंनी सोल्डरिंगचा पेन खाली ठेवला. तेवढ्यात बाहेरून रिक्षावाला ओरडला, "भाईसाब, माताजी को भी उतारना है क्या?"

*

सलीमभाईंनी जमवलेल्या दिव्यांतून आईसाठी बोर्ड करायचा, हे दुकानात कोणी ठरवलं नाही. ते आपोआप सुरूच झालं. बोर्ड घरात, तिच्या पलंगासमोर, मोठ्या ठिपक्यांचा. मोबाइलवरून मजकूर भरायचा. मी खुशीत आईला सांगितलं.

आईने एवढंच विचारलं, "त्यात ळ आहे?"

"नाही. पण..."

"मग नको."

"आई, अगं एका अक्षरासाठी?"

"माझे डोले बघून मी काय करू?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी चिडलो. मग माझ्या लक्षात आलं, की तिला भीती वाटतेय. बोर्ड लावला आणि तोही वाचता आला नाही, तर मग काहीच उरत नाही. तोपर्यंत निदान 'ळ नाही' असं म्हणायची सोय होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

दुकानात सांगितलं तेव्हा माथुरजी नेहमीसारखे चिडले नाहीत. इशिताला म्हणाले, "बना दे ये ळ."

इशिताने पहिला काढला. माथुरजी म्हणाले, "ये तो चश्मा है." दुसरा काढला. सलीमभाई म्हणाले, "साइकिल है, बिटिया. हैंडल लगा दो." तिसऱ्याला मी स्वतःच म्हटलं, "हा आठ आहे आणि तो झोपलाय!" सोळा ठिपक्यांत दोन गोल शेजारीशेजारी बसवायचे, वर शिरोरेषा आणि पुन्हा आजूबाजूच्या अक्षरांना धक्का लागता कामा नये. माथुरजी तेव्हा खोटं बोलले नव्हते.

शेवटी इशिता म्हणाली, "आंटी से ही पूछते हैं."

*

इशिता लॅपटॉप घेऊन मानसरोवरला आली. आईने तिला शेजारी बसवलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "बेटा, घर कितने हैं?"

इशिताला कळेना. मला कळलं. आई मॅटीच्या कापडाबद्दल बोलत होती. चौकडीचं कापड, त्यावर फुलीचे टाके. आमच्या लहानपणी प्रत्येक मराठी घराच्या दारावर त्या टाक्यांचं 'सुस्वागतम्' असायचं, फ्रिजवर त्याचं कव्हर, रेडिओवर त्याचा रुमाल. मी इतकी वर्षं ठिपक्यांच्या अक्षरांत नोकरी केली, आणि तीच अक्षरं जन्मापासून माझ्या घरात टांगलेली होती, हे मला त्या दिवशी समजलं.

आईने डोळे मिटले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. "ऊपर की लाइन से बीच में छोटी डंडी लाओ. अब बायाँ गोल. छोटा. अंदर से खाली रखो, भरना नहीं. अब दायाँ गोल, उससे एक घर बड़ा. दोनों बराबर मत करना, चश्मा बन जाएगा!"

इशिता चौकोन भरत गेली. मी मागे उभा राहून बघत होतो. शेवटचा चौकोन भरला आणि स्क्रीनवर 'ळ' बसला होता. बसला होता म्हणजे अगदी मांडी घालून!

"दिसतोय का रे?" आईने मला विचारलं.

"दिसतोय."

"काय दिसतंय ते सांग. चष्मा का ळ?"

"ळ, आई. ळच."

इशिता बघतच राहिली. "आंटी, आपने ये कितनी बार बनाया है?"

"दुपट्यावर 'बाळ' भरायचे ना," आई मराठीतच म्हणाली, आणि मग हिंदीत, "मोहल्ले में जितने बच्चे हुए, उतनी बार!"

*

बोर्ड घरी लावला तो दिवस रविवार होता. सलीमभाईंनी खिळे ठोकले, वायर ओढून दिली आणि ते मुद्दाम थांबले नाहीत. "आप लोग देख लो," म्हणाले आणि निघून गेले. त्यांनाही धाकधूक असणार. माथुरजी आलेच नाहीत. दुकानात काम आहे म्हणाले. रविवारी आमचं दुकान बंद असतं.

आई पलंगावर बसली. तिने साडी नीट केली, केसांवरून हात फिरवला. कोणी पाहुणे यायचे असावेत तशी. मी म्हटलं, "काय लिहू पहिल्यांदा?"

"काहीही लिही. मला माहीत नसलेलं लिही."

तिलाही राजा पार्कातली ती लाइन आठवत होती.

मी म्हटलं, आधी बोर्ड चालू तर होऊ दे. मी वाकून पलंगामागचा प्लग शोधायला लागलो. माझी पाठ बोर्डाकडे, तोंड भिंतीकडे. प्लग लागला, समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडलेला दिसला. म्हणजे बोर्डात दुकानातच कोणीतरी काहीतरी भरून ठेवलं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी मुद्दामच वर बघेना. वायर उगाच नीट करत बसलो. आईला वाचता येत नसेल तर तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

मग आवाज आला, आणि मला वाटलं, आई रडतेय. झर्रकन वळलो.

आई हसत होती. मान खिडकीकडे, डोळे पडद्यावर, आणि पदर तोंडाला लावून ती गदगदा हसत होती. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

मी बोर्डाकडे बघितलं. उजवीकडून अक्षरं येत होती.

'नमस्कार बहनजी. मी माथुर बोळतो. तुमचा ळ मिळाळा. ळई चांगळा हाय. आता रोज वाचायळा ळागा. मग दुकानात या. चहा पिळाच पाहिजे. ळस्सी पण देतो. आपळा, मोहनळाळ माथुर.'

सगळं लाल, ठसठशीत, आणि प्रत्येक 'ळ' मांडी घालून बसलेला.

"ळस्सी!" आई म्हणाली. तिला पुढे बोलवेना. "अरे, मोहनळाळ! त्यांनी स्वतःचं नावसुद्धा..." आणि अक्षरं पुन्हा उजवीकडून यायला लागली तशी ती खिडकीकडे बघत त्यांच्याबरोबरीने मोठ्याने म्हणायला लागली, एकेक शब्द, "नमस्कार बहनजी, मी माथुर बोळतो..."

माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोबाइल काढला. "थांब, आत्ता दुरुस्त करतो."

"हात तर लाव त्याला!" आई कडाडली. "फोन लाव त्यांना आधी."

मी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला माथुरजींनी उचलला. हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी स्पीकर चालू करून फोन आईसमोर धरला.

आईने घसा साफ केला. बोर्डाकडे नाही, खिडकीकडे बघत, वर्गात म्हणायची तशी जीभ चांगली मागे वळवून ती म्हणाली,

"माथुरजी, बहोत अच्छा ळगा!"